ओल्या दिवसाची वेचणी

सूड उगवायला मला एक वर्ष आणि एक अवकाळी पाऊस लागला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिकवणाऱ्या बाईने असं बोलू नये हे मला ठाऊक आहे. परिपाठाला मी रोज सुविचार सांगते, रंगीत खडूने फळ्यावर लिहिते, दोन पोरं भांडली तर त्यांना एकमेकांचा हात हातात घ्यायला लावते. पण त्या माणसाची जिरवावी असं मला वर्षभर वाटत होतं, आणि जिरवली तेव्हा गोड वाटलं. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी शाळा झरी जामणी तालुक्यात, एका पोडावर. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. तीसेक घरं, भोवती साग, उताराला कापसाची आणि तुरीची कोरडवाहू शेतं. शाळेच्या खोल्या दोन, वर्ग चार. शिक्षकही दोन, पण त्यातले एक कायम कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला गेलेले. म्हणजे चारही वर्ग माझेच. 'त्या माणसाची' शाळा तिथून चार किलोमीटरवर, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या मोठ्या गावात. तो तिथला मुख्याध्यापक. दोन्ही शाळा सरकारीच, एकाच केंद्रातल्या. पुस्तकं तीच, खिचडीचा तांदूळही एकाच ट्रकमधून उतरायचा.

पण त्यांच्याकडे रंगवलेल्या भिंती होत्या, भिंतीवर पाढे आणि नकाशे. फाटकापासून वर्गापर्यंत सिमेंटच्या विटा, बाजूला शेवंतीच्या कुंड्या, हॉलमध्ये मोठा टीव्ही. पोरांच्या गळ्यात ओळखपत्रं. वर्गाबाहेर चपला अशा रांगेत की एखादी वाकडी दिसली तर ज्याची त्याला उठून सरळ करावी लागे. केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांना तो त्या चपला दाखवायचा. माझ्याकडे चपला घालून येणारी पोरंच निम्मी, त्यांची रांग काय लावणार?

माझ्याकडे काय होतं ते सांगते. माझ्या पहिलीत येणाऱ्या पोराला मराठी येत नाही. घरी, अंगणात, रानात सगळं कोलामीत चालतं. तहान लागली हे मला मराठीत सांगायला त्याला दिवाळी येते. तेच पोर तिसरीत गेलं की माझ्यासमोर बसून धडा वाचतं, अडखळत का होईना, परक्या भाषेतला. रस्त्याकडच्या शाळेतलं पोर बोलतं तीच भाषा वाचतं. कोणती शाळा जास्त शिकवते? पण शाळा तपासायच्या तक्त्यात कुंड्यांना रकाना आहे, याला नाही.

दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची परिषद भरते. ती बहुतेक वेळा त्याच्याच शाळेत, कारण तिथे हॉल होता आणि चहा-चिवड्याची सोय होती. मागच्या वर्षी डिसेंबरात ठरलं की प्रत्येक शाळेने एक मूल आणावं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवावं. मी तिसरीतली एक मुलगी नेली. तिच्या घरातली वाचायला शिकलेली ती पहिलीच. खताच्या पोत्यावरची अक्षरंसुद्धा ती बापाला वाचून दाखवायची, एसटीची पाटी वाचायची, माझ्या स्कूटीवर मागे बसली की रस्त्यावरचा प्रत्येक फलक मोठ्याने वाचत जायची. त्या दिवशीही वाचत आली. नवीन रिबिनी बांधल्या होत्या.

हॉलमध्ये ती उभी राहिली आणि वाचू लागली. चांगलं चाललं होतं. मध्येच चित्रात शेळी दिसली आणि तिच्या तोंडून घरचा, कोलामीतला शब्द निघाला. लगेच सावरून तिने शेळी म्हटलंही. पण तो खुर्चीतून म्हणाला, "म्याडम, ही कोन्ती भासा शिकवून राह्यल्या तुमी? पगार त मराठीचा घेता ना?"

हॉल हसला. त्यात मला ओळखणारे, माझ्या घरी जेवून गेलेले लोकही हसले. मग त्याने आपल्या चौथीतला एक पोरगा उभा केला. त्याने घडाघडा वाचलं, पुस्तकाकडे न पाहता. "हा फरक," तो म्हणाला. "दोन्ही शाळा शेजारी शेजारी ठेवून पाहा. म्हनूनच मी म्हनतो, असल्या शाळा चालू ठेवून आपन पोरायचंच नुकसान करून राह्यलो."

मुलगी खाली बसली आणि फ्रॉक गुडघ्यांवर ओढत राहिली. परत येताना स्कूटीवर तिने एकही पाटी वाचली नाही. त्यानंतर वर्गात ती मनातल्या मनात वाचायची. तिची बुबुळं ओळीवरून सरकताना दिसायची. मोठ्याने वाच म्हटलं की ओठ मिटलेले. मी लाडाने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित मी विसरले असते. विसरले नसते, पण गप्प बसले असते. जूनमध्ये तो कार घेऊन आमच्या पोडावर आला. त्याला पट वाढवायचा होता. त्या मुलीची मावशी त्याच्या शाळेच्या गावात दिलेली, हे त्याने शोधून काढलं होतं. बापाला म्हणाला, "पोरीले मावशीकडं ठेवा. हुशार करून देतो. इथं काय हाय?" बापाने माझ्याकडे दाखला मागितला तेव्हा तो खाली पाहत होता. मी दाखल्यावर सही केली. ज्याने तिची वाचा घालवली त्यानेच तिला हुशार करायला नेलं, आणि माझा पट अठराचा सतरा झाला.

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख मोटारसायकलवरून शाळेत आले. सगळ्या शाळांवर देखरेख करणारे ते साहेब, निवृत्तीला टेकलेले, मनाने वाईट नाहीत. सागाखाली खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "म्याडम, तुमची शाळा तिकडं जोडायचा प्रस्ताव हाय. जवळ 'अ' श्रेणीची शाळा असली की छोटी शाळा बंद करता येते. यंदाच्या तपासणीत तिले 'अ' भेटला की माह्या हातात काई राहनार नाही."

चार किलोमीटर आणि मध्ये नाला. पावसाळ्यात तो नाला दुपारी एकदा भरला की संध्याकाळपर्यंत उतरत नाही. माझी सहा-सात वर्षांची पोरं तिथून जाणार नव्हती. ती घरी बसणार होती, आणि हे साहेबांना, त्याला, मला, सगळ्यांना माहीत होतं.

"तपासणीले कोन जानार हाय?" मी विचारलं.

तपासणी अशी असते की एका शाळेतला शिक्षक दुसऱ्या शाळेत जातो, सोबत केंद्रप्रमुख. त्याच्या शाळेत जायला कोणी तयार नव्हतं. गुण कमी द्यायची हिंमत नाही, आणि पूर्ण दिले तर नंतर वरून विचारणा व्हायची भीती. साहेब माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "माह्यं नाव लिहा." नंतर कळलं की त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला होता. "याच म्याडम का? येऊ द्या की. शिकून जातीन काही." मला त्या हसण्याने फार बळ दिलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला, दुपारपासून दिवे लागेपर्यंत. सकाळी मी निघाले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस चिंब होऊन बोंडातून खाली लोंबत होता. शेतात चिटपाखरू नव्हतं. एक बाई तेवढी बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती, नुकसान बघत. मला वाईट वाटलं आणि मी पुढे गेले. तपासणीशी या पावसाचा काही संबंध असेल असं तेव्हा मनातही नव्हतं.

शाळा लखलखत होती. फाटकात रांगोळी, पोरींच्या हातात गुलाब. मी सगळे रकाने इमानाने भरत गेले. कुंड्या, टीव्ही, हात धुवायचे नळ, सगळं होतं. पूर्ण गुण द्यावे लागले आणि प्रत्येक वेळी माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. वाचनालाही त्याने पुढच्या रांगेतली पोरं उठवली, ती वाचून बसली. तो अधूनमधून माझ्या कागदात डोकावत होता. 'अ' त्याच्या हातात आला होता, आणि माझ्या शाळेला कुलूप.

मग मी हजेरी मागितली. त्या दिवशी अकरा मुलं गैरहजर होती. अकरा नावांपुढे एकाच निळ्या शाईने, त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पालकांसोबत कापूस वेचणीस.'

माझं बोट त्या ओळीवर थांबलं. "सर, आज वेचनी चालू हाय?" मी अगदी साधेपणाने विचारलं.

"सीझन हाय ना म्याडम. मायबाप घेऊन जातेत पोरायले. कितीबी सांगा, आयकतच नाहीत."

मला मोठ्याने हसावंसं वाटलं. मी पुसदकडच्या शेतकऱ्याच्या घरात वाढले. कमरेला ओटी बांधून आईमागे तासातासाने, म्हणजे एकेका ओळीने, कापूस वेचला आहे. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी कोणी वेचायला जात नाही. ओला कापूस वेचला तर गाठोड्यात तापतो, पिवळा पडतो, कोणी हात लावत नाही. दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, मग शेतात शिरायचं. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतं. पण तो वणीहून रोज कारने यायचा, काचा लावून. दरवर्षी तपासणीच्या दिवशी हेच कारण लिहून खपवलेलं असणार, कारण तपासणी दरवर्षी वेचणीच्या दिवसांतच येते. यंदा आदल्या दिवशी पाऊस पडला म्हणून सकाळी कारण बदलावं हे त्याला सुचलंच नाही.

केंद्रप्रमुखसाहेब शेतकरीच. त्यांनी हजेरीवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. कळलं होतं त्यांना. मग ते चहाच्या कपाकडे पाहू लागले.

"मुलींचं स्वच्छतागृह पाहून येते," मी म्हटलं. तो रकाना राहिलाच होता.

स्वच्छतागृह शाळेच्या मागे. त्याच्या पलीकडे गावाचं समाजमंदिर, एक खोली आणि एक दार. दाराबाहेर चपला होत्या. अकरा जोड, एका रेषेत, टाचा भिंतीकडे, एकही वाकडी नाही. त्यानेच लावलेली शिस्त. माझ्या हातापायांत नुसता आनंद भरला. वर्षभर मी देवाकडे मागत होते ते असं रांगेत मांडून ठेवलेलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिचडी करणारी म्हातारी दाराशी बसली होती आणि पोरं सतरंजीवर, प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा. जी अडखळतात, जी गणितात चुकतात, जिच्या फ्रॉकला शेंबूड लागलेला असतो, ती सगळी. म्हातारी घाबरून उठली. "मले सरनं सांगतलं, बाई. साहेब जाईपर्यंत बसव म्हने."

शेवटी, भिंतीला टेकून ती बसली होती. माझी. तेवढ्या महिन्यांत उंच झाली होती, रिबिनी नव्हत्या. मला पाहिलं आणि ती हसली. उठली, बिस्किटाचा पुडा दप्तरात कोंबला, दप्तर पाठीला लावलं आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी मले न्याले आल्या?"

किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकत होते मी. मी म्हटलं, "हो. चल."

अकराही पोरं घेऊन मी हॉलमध्ये शिरले. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो पाहिला, पोटभर पाहिला. तो खुर्चीतून अर्धवट उठला. "म्याडम, हे... हे आताच आले असतीन वावरातून."

"कोरड्या पायानं, सर?" मी म्हटलं. "काल दुपारभर पानी पडलं. कोन्त्या वावरात वेचनी हाय तेवढं सांगा, मीबी पाहून येते."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. आता त्यांनाही मागे सरता येणार नव्हतं. नियम असा आहे की तपासणारा हजर मुलांपैकी कोणालाही उठवू शकतो. एक परिच्छेद, एक मिनिट, आणि त्यावर वाचनाचे गुण. अकरा पोरं माझ्यासमोर बसली होती. त्यातलं कोणीही चाललं असतं. दोघं-तिघं तर 'क' आणि 'फ' यांत गोंधळणारी असणार, त्यांच्यामुळेही त्याचा 'अ' गेला असता.

मी तिला उठवलं.

का, हे मला तेव्हाच माहीत होतं. त्याने ती मुलगी पाहावी असं मला वाटत होतं. ज्या हॉलमध्ये त्याने तिला गप्प केलं, त्याच हॉलमध्ये, त्याच जागेवर ती आता त्याची विद्यार्थिनी म्हणून गप्प उभी राहावी. ती वाचणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ती वाचणार नाही म्हणूनच मी तिला उठवलं.

तिने पुस्तक हातात घेतलं. बुबुळं ओळीवरून सरकत होती, सगळं वाचत होती ती, शब्द न् शब्द. ओठ मिटलेले. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते. तो मागून म्हणत होता, "वाच ना बेटा, वाच. येते ना तुले." अर्ध्या मिनिटानंतर तिने पुस्तकातून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहत राहिले. मिनिट संपलं.

मी रकान्यात शून्य लिहिलं.

"म्याडम, ही त तुमच्याच शाळेतली हाय," तो म्हणाला. आवाज रडकुंडीला आला होता.

"होती, सर. आता तुमच्या पटावर हाय. दोन्ही शाळा शेजारी शेजारी ठेवून पाहा."

हे वाक्य मी एक वर्ष तोंडात धरून होते. साहेबांनी हजेरीतली खोटी नोंद आणि समाजमंदिरातली मुलं असं दोन्ही लिहिलं, आम्ही सह्या केल्या. त्याची 'अ' श्रेणी गेली आणि जोडणीचा प्रस्ताव पडला. माझी सतरा पोरं पोडावरच राहिली. त्या माणसाची मला आजही दया येत नाही. यायला हवी असंही वाटत नाही.

मी बाहेर आले तेव्हा ती फाटकाजवळ स्कूटीशी उभी होती, पाठीला दप्तर, पायात चपला. मी किल्ली लावली आणि म्हटलं, "आता नाही नेता येत, बेटा. बाबाले सांग, दाखला काढून आन. मंग ये."

ती हलली नाही. "तुमी न्याले आली म्हनल्या."

"बाबाले सांग."

"मंग मले उभं काहून केलं, बाई?"

मी स्कूटी सुरू केली. उत्तर नव्हतं असं नाही. होतं, आणि ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

आठवड्यात मी तिच्या बापाकडे गेले. दाखल्याचं मी पाहते, तुम्ही फक्त हो म्हणा, असं म्हटलं. ती तोवर मावशीकडून परत आली होती, आत चुलीजवळ होती, बाहेर आली नाही. बाप मला पाणी देऊन उकिडवा बसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"म्याडम, तुमची साळा पायली, त्यायचीबी पायली," तो म्हणाला. "दोन्हीकडं पोरीले लोकायसमोर उभंच केलं. आता कायले?"

पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, तेव्हा घराला कडी होती. सगळे वावरात होते.

जानेवारीत एकदा शाळेत जाताना ती दिसली. ऊन चांगलं पडलं होतं, कापूस कोरडा, पांढराशुभ्र. कमरेला ओटी बांधून ती आईमागे वेचत होती, दोन्ही हातांनी, भराभर. मी स्कूटी थांबवली आणि हाक मारली. तिने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि तास बदलून माझ्याकडे पाठ केली. नाव अजून त्याच्याच पटावर आहे. त्याच्या हजेरीत तिच्यापुढे रोज वेचणी लिहिलेली असते, आणि आता ते खरं असतं.